फडावर ऐकवलेला निकाल

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की पहिल्या सत्राचा निकाल पालकांना कळवायचा असतो. उमापूरच्या अलीकडच्या त्या वस्तीवर पालक असतातच कुठं? निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं असतं. पालकसभा बोलावली तर दोन-चार म्हातारी माणसं येऊन टेकतात आणि खोकून-खोकून निघून जातात.

म्हणून आम्रपाली गायसमुद्रे बाई प्रगतीपत्रकं लिहायच्या, त्यांवर शिक्का मारून घ्यायच्या आणि कपाटात ठेवून द्यायच्या. मग दिवेलागणीला, फडातली माणसं परतून चुली पेटवायला बसली असतील त्या वेळेला, एकेका घरी फोन लावायच्या. घर म्हणजे पाचटाची, उसाच्या वाळल्या पानांची कोपी. दूर कुठल्या तरी कारखान्याच्या हद्दीत साऱ्या टोळीनं अशा कोप्या टाकलेल्या असतात, त्या जागेला थळ म्हणतात. फोन लागला की पलीकडून कुणीतरी ओरडायचं, "शाळेतल्या बाई हायत, स्पीकरवर टाक रं!" आणि एकाच्या पोराचा निकाल सगळं थळ ऐकायचं.

"धोंडीराम, तुमच्या पोराला गणितात कमी पडलेत जरा."

"मार्कं ऱ्हाऊ द्या हो बाई. जेवतंय का ते सांगा."

"जेवतो की. खिचडी दोनदा मागून घेतो."

"मंग पास झालं म्हना!"

"बापावर गेलंय रं धोंड्या!" मागून कुणीतरी म्हणायचं आणि सगळे हसायचे. दिवसभर उसाच्या पात्यांनी अंग सोललेली माणसं ती. बाईंना त्या हसण्याचा आवाज फार आवडायचा.

मुख्याध्यापक म्हणायचे, "बाई, दोन ओळींचा मेसेज टाका अन् मोकळ्या व्हा." बाईंना ते पटायचं नाही. त्यांचा बाप ज्ञानोबा परळीला वीज केंद्राच्या राखेच्या गाड्या भरायचा. त्याला अक्षर ठाऊक नव्हतं. लेकीचं प्रगतीपुस्तक तो खिशात घालून चहाच्या टपरीवर न्यायचा, कुणा शिकलेल्याला धरायचा आणि मोठ्यानं वाचायला लावायचा. चार माणसांनी ऐकल्याबिगर निकाल त्याला खराच वाटायचा नाही. ऐकून झाल्यावर टपरीवरचे सगळे आम्रपालीकडं बघायचे. तेव्हा तिला आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं. तेच आपण या पोरांच्या आई-बापांना देतो आहोत, अशी बाईंची समजूत होती.

गुणांचं कुणाला काही पडलेलं नसतं, हेही त्यांना कळून चुकलं होतं. प्रगतीपत्रकात वागण्याबद्दल लिहायला एक रकाना असतो. बाकीचे शिक्षक त्यात सगळ्यांच्या नावापुढं एकच वाक्य उतरवून काढायचे. आम्रपालीबाई मात्र फोनवर तोच रकाना फुलवून सांगायच्या. पोरगं कुणाच्या मदतीला धावलं, कुणाची वेणी चांगली घातलेली असते, कोण न सांगता वर्ग झाडतं. आई पलीकडं डोळे पुसते आहे, हे त्यांना नुसत्या श्वासावरून कळायचं.

त्या वर्षी आठवीत वैष्णवी होती. सुंदरराव आणि विमलबाईची थोरली. धाकटी कालिंदा सहावीत. आई-बाप फडावर गेले की दोघी चुलती सिंधुबाईकडं राहायच्या. वैष्णवीचं डोकं शास्त्रात फार चालायचं. प्रश्न विचारून-विचारून ती बाईंना घाईला आणायची. बाईंनी तिला शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवलं होतं आणि शाळा सुटल्यावर तिचा वेगळा अभ्यास घेत होत्या. शिष्यवृत्ती लागली तर बारावीपर्यंत तिचं शिक्षण कुणाला अडवता आलं नसतं.

बाईंनी सुंदररावाला फोन लावला.

"सुंदरराव, वैष्णवी वर्गात पहिली आली. शास्त्रात तर तिच्या जवळपास कुणी नाही."

"बरं झालं," सुंदरराव म्हणाला आणि फोन बायकोकडं दिला.

"बाई, धाकलीला सांभाळती का पन ती?" विमलबाईनं विचारलं. "का भांडत्यात दोघी?"

"सांभाळती म्हणजे? अहो विमलताई, कालिंदाची वेणी घालून, डबा बांधून तिला बोट धरून आणती. चुलतीच्या आधी उठती. परवा तिच्या हातची भाकर खाल्ली मी, असा पापुद्रा सुटलेला! उलट बोलणं नाही, कशाचा हट्ट नाही. लेकराची काळजीच करू नका. लेक तुमची पार बाईमानूस झालीय बगा."

मग दुसऱ्याच बाईचा आवाज आला. "कितवं लागलंय म्हनायचं पोरीला?"

"कोण बोलतंय?"

"मी तुळजाबाई. शेजारच्या कोपीतली. उंचीला कशी हाय?"

"माझ्या कानाला लागती. चौदावं चालू आहे."

"मंग माझी सूनच करून घेते की तिला!"

सगळं थळ हसलं. बाईही हसल्या. पुढचा नंबर लावायचा होता.

शिष्यवृत्तीची परीक्षा तोंडावर आली आणि वैष्णवी शाळेत यायची थांबली. कालिंदाला विचारलं तर ती बाकाकडं बघत बसली. शाळा सुटल्यावर बाई वस्तीवर गेल्या. सिंधुबाई अंगणात तूर झोडत होती.

"बाप आलता. घेऊन गेला," ती म्हणाली.

"कावून?"

"कावून म्हंजी? सोयरीक जमली तिची. मला तरी कुटं धड सांगितलं? पोरगी रडत गेली एवढं दिसलं."

बाईंनी तिथंच उभ्या-उभ्या फोन लावला. सुंदररावानं लगेच उचलला.

"बाई, तुमच्यापासून काय लपवायचं? तुळजाबाईच्या आदिनाथला दिली. मानसं डोळ्याम्होरली हायत."

फडात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकट्या गड्याला अर्धा कोयता म्हणतात आणि मुकादम त्याला नेहमी मागं ठेवतो. आदिनाथ दोन हंगाम अर्धाच होता. हे बाईंना आता कळलं.

"ती लेकरू आहे, सुंदरराव. हा गुन्हा आहे. तिची परीक्षा आहे. तुम्ही तिला परत आणून सोडा, मी ठेवून घेते माझ्या घरी."

"लेकरू?" तो गोंधळला. "तुमीच म्हनलात न्हवं बाईमानूस झाली म्हनून? साऱ्या थळानं ऐकलं. तुळजाबाईनं बाकी काय इचारलं बी न्हाई. म्हनली, शाळंतल्या बाईच एवढं सांगत्यात तर पोरगी लाखातली आसंल."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. उपकार मानल्यासारखा आवाज होता त्याचा. बाईंना तूर झोडल्याचा आवाज ऐकू येईनासा झाला.

"मी तसं म्हणाले नव्हते हो."

"आता कसं बाई? सबद गेला आमचा."

त्या रात्रीपासून त्याचा फोन बंद.

बाईंनी मुलांच्या मदतीचा जो नंबर असतो त्यावर फोन केला. तिथल्या माणसानं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, थळ कुठलं? बाईंना कारखान्याचं नाव माहीत होतं. फड कुठला, मळा कुणाचा, काही माहीत नव्हतं. टोळीतल्या दुसऱ्या पालकांना त्यांनी फोन लावले. ज्यांच्या पोरांचे गुण त्या कौतुकानं सांगत आल्या, त्या माणसांनी "ऐकू येईना बाई" म्हणून फोन ठेवले. मदतीच्या नंबरवरची माणसं तरीही शोधत-शोधत एका मळ्यात पोचली. तिथं काळे झालेले चुलीचे दगड आणि पाचट होतं. टोळी फड संपवून पुढं गेली होती. कुठं गेली, मळेवाल्यानं सांगितलं नाही.

शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बाई बाकीच्या पोरांना घेऊन गेल्या. वैष्णवीच्या जागी पर्यवेक्षकानं गैरहजर लिहिलं.

एप्रिलात कारखाने बंद झाले आणि माणसं गावी परतली. वर्षाचा निकाल समोरासमोर सांगायचा हे एवढेच दिवस. वर्गात बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या, हातांना चिरा पडलेल्या, तोंडं उन्हानं काळी. कालिंदा सगळ्यांना पाणी देत फिरत होती. कुणी सांगितलं नव्हतं तिला. बहीण गेल्यापासून ती स्वतःची वेणी स्वतः घालायची, सिंधुबाईच्या घरचा स्वयंपाक आटपून यायची आणि तरीही वर्गात सगळ्यांत स्पष्ट वाचायची.

विमलबाई पुढं येऊन बसली. ओटीत बांधून आणलेला गूळ तिनं टेबलावर ठेवला.

"वैष्णवी कशी आहे?" बाईंनी विचारलं.

"लई चांगली हाय बाई. सासू लई खूश. पहाटं उठती, सासूच्या आदी फडात. मोळ्या अशा बांधती की गडीमानूस बगत ऱ्हातंय. उलट बोलनं न्हाई, कशाचा हट्ट न्हाई." विमलबाई सांगत होती आणि बाईंना आपलंच बोलणं कुणीतरी परत ऐकवतंय असं झालं.

"वाचती का कधी काही?"

"तितं काय वाचायचं बाई?"

"रडती का?"

विमलबाईनं खाली बघितलं. गुळाची पुरचुंडी उगाच सारखी केली.

"ते मी इचारलं न्हाई," ती म्हणाली. मग डोळ्याला पदर लावून तिनं मान वर केली. "ऱ्हाऊ द्या. धाकलीचं सांगा. मागल्या बारीला सांगितलं तसं सांगा, ह्या समद्या ऐकू द्या."

मागच्या बायका पुढं सरकल्या. सगळ्यांचे कान इकडं. बाईंनी कालिंदाचं प्रगतीपत्रक उघडलं, वागण्याचा रकाना बघितला आणि मिटून ठेवलं.

"कालिंदाचं काय सांगू विमलताई? लई आडदांड आहे पोरगी. कुणाचं ऐकत नाही. सिंधुबाईकडं भाकरी करपवती म्हणे. मोठ्यानं खिदळती, उलट उत्तरं देती. काही म्हणता काही येत नाही तिला."

"आगं बाई!" विमलबाईचा चेहरा उतरला. "थोरली तर आशी नव्हती."

"थोरलीची सर नाही हिला. लेकरू आहे अजून, पार अडाणी लेकरू. दहावी-बारावीपर्यंत शाळेत ठेवल्याबिगर हिला वळण लागायचं नाही."

बायकांत कुजबुज सुरू झाली. एकीनं तोंडानं चुकचुक केलं. बाकांच्या मधोमध कालिंदा पाण्याचा तांब्या धरून उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती बाईंकडं बघत राहिली, आता बाई हसतील आणि गंमत केली म्हणतील, अशी. बाई हसल्या नाहीत. तेव्हा तिनं तांब्या जवळच्या बाकावर आदळला, पाणी सांडलं, आणि ती पळत वर्गाबाहेर गेली.

"आगं ये कालिंदे!" विमलबाई ओरडली. "बगा, बगा कशी गेली ती!"

"तेच तर सांगतेय तुम्हाला," आम्रपालीबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढचं नाव पुकारलं.