करंज्यांचा भाऊ

आमच्या आत्याच्या प्रत्येक घाण्यात एक भाऊ असायचा. बाकी सगळ्या करंज्या, आणि त्यांच्यात एक मोदक. नुसत्या करंज्या करू नयेत, इतक्या बहिणींना एक तरी भाऊ हवा, असं आमच्याकडे मानतात. पुष्कळ घरांत हे दिवाळीपुरतं असतं. आमच्याकडे दर शनिवारी असायचं. आत्या करंज्या तळायची नाही, ओव्हनमध्ये भाजायची, आणि आत खोबऱ्याऐवजी फळांचं सारण भरायची.

आत्या म्हणजे सोयराबाई, माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आमचं घराणं बंगळुरात नेमकं कधी आलं ते कुणालाच सांगता येत नाही. माझे वडील व्यंकोजी, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, कॉफी पोटात गेली की घोडदळापासून सुरुवात करायचे. मी जन्मले तोवर घोडे जाऊन सायकली आल्या होत्या. शिवाजीनगरच्या बस स्टँडमागे अण्णांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि दुकानाच्या मागे आमचं घर.

आत्या लग्न होऊन गेली आणि वर्षाच्या आत विधवा होऊन परत आली. मग कंटोनमेंटातल्या एका मडमेकडे शिवणाला जाऊ लागली. मडम नाताळात छोटे छोटे गोल टार्ट करायची, ते आत्या बघून बघून शिकली. पुढे मडम ऑस्ट्रेलियाला निघून गेली. जाताना झाकणाला काच असलेला गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन आत्याला देऊन गेली, टार्टचे साचे मात्र घेऊन गेली. आत्याचं त्यावाचून काही अडलं नाही. तिच्या हाताला करंजी येत होती.

येलहंक्याच्या पलीकडून टोपल्यांत येणारी निळी द्राक्षं ती साखर-लवंगेत शिजवायची, बिया आणि सालं राहू नयेत म्हणून चाळणीतून काढायची आणि पुन्हा आटवायची. कधी अननस, कधी पेरू. सारण ओलं राहिलं की करंजीचं बूड भिजतं, म्हणून चमच्यानं पातेल्याचा तळ दिसेपर्यंत ती ढवळत राहायची. मैद्यात लोणी चोळताना तळवा लागू द्यायची नाही, फक्त बोटांची टोकं. कडा कातणानं कापायच्या, वरून दुधाचा हात फिरवायचा, वाफ जायला शिवणाच्या सुईनं भोक पाडायचं. शेवटच्या पारीचा भाऊ. ओव्हनशी ती जावेशी बोलावं तसं बोलायची. मधेच करंट गेला तर वीज मंडळाला ज्या शिव्या बसायच्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. समोरच्या यल्लव्वाला त्या खिडकीतून ऐकू यायच्या, आणि ती 'ओव्हन कर्जिकाई' घ्यायला ताटली घेऊन बरोबर वेळेवर हजर व्हायची.

करंज्या गल्लीभर वाटल्या जायच्या. भाऊ कुणालाच मिळायचा नाही. तो शंभूकाकाचा होता.

शंभूराज हा अण्णा आणि आत्यानंतरचा, सगळ्यांत धाकटा. लहानपणापासून करंज्यांतला मोदक त्याचा, हे ठरलेलं. अण्णाही भाऊच होते, पण त्यांना कुणी विचारलं नाही. मोठ्यांना तसं विचारत नाहीतच. ब्याऐंशी साली शंभूकाका बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात नुकताच लागला होता. एका शनिवारी सकाळी ओव्हन उघडला आणि तेवढ्यात त्याच्या बसची वेळ झाली. भाऊ हातात धरवेना इतका गरम होता. "अक्का, माझा ठेव. संध्याकाळी खातो," असं म्हणून तो गेला. मी सात वर्षांची होते. त्याच्या केसांना लावलेल्या तेलाचा वास मला अजून आठवतो, चेहरा मात्र फोटोतलाच आठवतो.

संध्याकाळी तो आला नाही. पाळी संपल्यावर तो बाहेर पडला होता, बसमध्येही चढला होता. होसूर रोडला मधेच कुठेतरी उतरला, असं एक जण म्हणाला. अण्णा तो रस्ता महिनोन् महिने सायकलनं फिरले. पोलीस झाले, इस्पितळं झाली, फोटो छापून झाला. कुणाशी भांडण नव्हतं, कसलं लफडं नव्हतं. धडधाकट माणूस संध्याकाळच्या उजेडात बसमधून उतरला आणि संपला.

आत्यानं भाऊ ठेवला. स्वयंपाकघराच्या खिडकीत, बोळाच्या बाजूला, पांढऱ्या बशीत. त्या खिडकीची कडी तिनं पुन्हा कधी लावली नाही, पावसाचं पाणी ओट्यावर आलं तरी नाही. बोळातून कुणी विशिष्ट चालीनं जाऊ लागलं की कातण मधेच थांबायचं. पावलं पुढे निघून गेली की कातण पुन्हा फिरू लागायचं. आम्ही पोरं तेव्हा बोलायचो नाही. आम्हाला कुणी गप्प बसायला सांगितलं नव्हतं, पण त्या खोलीत त्या वेळी तोंड उघडायची भीती वाटायची.

आणि रविवारी सकाळी बशी रिकामी असायची.

आई मांजराचं नाव घ्यायची. आत्या बशी धुऊन पालथी घालायची, आणि त्या दिवशी ती जरा जास्त जेवायची. मला भुताखेतांचं वेड कधीच नव्हतं. तरी त्या बोळातून मी एकटी जात नसे.

कॉलेजात गेल्यावर एका रविवारी मी पहाटेची उठून मागच्या दाराशी आले, तर बोळात अण्णा उभे. आंघोळ झालेली, खांद्यावर ओला पंचा, हातात अर्धा भाऊ. घाईघाईनं गिळत होते. मला बघून ते थांबले. मिशीला पापुद्रे चिकटलेले.

"तिथे पडून राहिलेला बघवत नाही," ते म्हणाले. "टाकवतही नाही. आत्याला बोलू नको."

मी बोलले नाही. इतकी वर्षं ज्याला भ्यायले ते माझे वडीलच निघाले, तेव्हा हसू यायला हवं होतं. मला रडू आलं.

चौऱ्याण्णव साली बारा वर्षं झाली. बारा वर्षं माणसाचा पत्ता लागला नाही की त्याला गेला असं धरतात आणि पळसाच्या देठांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. अण्णांनी हे जेवताना काढलं. शंभू त्यांच्या स्वप्नात येऊ लागला होता. बस स्टँडवर उभा असायचा, ओठ सुकलेले, काही मागायचा नाही.

"त्याला कुणी पाणी दिलं नाही, सोयरा," अण्णा म्हणाले. "असा किती दिवस उभा ठेवायचा?"

"पाणी मेलेल्याला देतात."

"बारा वर्षं झाली."

"मला माहीत आहे किती झाली." आत्यानं ताटातला भात एका बाजूला सारला. तिनं अण्णांना हो म्हटलं तर तिच्यापुरता शंभू मेला, हे तिला कळत होतं आणि आम्हालाही. मग म्हणाली, "सरी, बरं. कर तुला काय करायचं ते. पण मी ठेवायचं थांबणार नाही. त्यानं मला ठेव सांगितलंय, तुला नाही."

आम्ही सगळे व्हॅन करून श्रीरंगपट्टणला गेलो. निघायच्या सकाळी आत्यानं मुद्दाम ओव्हन लावला, भाऊ बशीत ठेवला आणि मगच व्हॅनमध्ये बसली. खिडकी उघडी टाकू नको म्हणून अण्णा ओरडले. तिनं ऐकलं नाही.

कावेरीच्या काठावर भटजींनी देठांचा माणूस केला. हात, पाय, डोक्याच्या जागी नारळ. उंची किती धरायची म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा अण्णांनी हात वर करून दाखवला आणि आत्या म्हणाली, "एवढा नाही. स्वल्प कमी." दोघांचं त्यावरून थोडं बोलणं झालं. मग तो जाळला. नारळ तडकला तेव्हा आत्यानं माझा दंड धरला. त्याचे वळ पुढे बरेच दिवस राहिले.

शेवटच्या दिवशी पिंड ठेवले, आणि कावळा येईना. समोरच्या झाडावर कावळे बसलेले होते, आजूबाजूच्या पिंडांवर तुटून पडत होते. आमच्याकडे एकही फिरकला नाही. अण्णांनी हात जोडून काय काय कबूल केलं. माझं लग्न, दुकानाला शंभूचं नाव. ऊन डोक्यावर आलं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून तो पिंडाला टेकवला आणि झालं म्हणाले.

"देठांचा माणूस," आत्या म्हणाली, "आणि गवताचा कावळा." भटजींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

घरी आलो. कुलूप काढून आत्या चपला न काढता आधी स्वयंपाकघरात गेली. मी तिच्या मागे होते, आणि अण्णा माझ्या मागे. बशी रिकामी होती. एक कणही नव्हता तिच्यात.

"म्हणून तिकडे नाही आला," आत्या म्हणाली. "इकडे होता."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. आम्ही दोघंही तीन दिवस श्रीरंगपट्टणला होतो. खिडकी उघडी होती, बोळात मांजरं होती. मांजरच असणार. मी तेव्हापासून मांजरच म्हणत आले आहे. अण्णा मात्र कॉटवर जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले.

त्यानंतर त्यांनी बशीला हात लावायचं सोडलं. पोचवला त्याला, आता मी भावाचा घास खाणार नाही, असं मला म्हणाले. पण ते घाबरले होते, हे मला दिसत होतं. पुढच्या शनिवारचा भाऊ रविवारी तसाच होता. सोमवारी त्याला मुंग्या लागल्या. आत्यानं त्या झटकल्या आणि तो तिथेच ठेवला. मग दुसऱ्या शनिवारचा त्याच्या शेजारी ठेवला. मग तिसऱ्या. दगडासारखे कडक होऊन ते बशीत बसून राहिले, आणि घरात कुणाला मोठ्यानं बोलवेना. आत्या खुर्ची ओढून खिडकीशी बसू लागली. द्राक्षं पातेल्यात करपली तरी तिला वास येईना.

एका रात्री भाकरी वाढता वाढता ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आता येत नाही तो. जाळल्यावर कसा येईल."

अण्णांचा घास हातातच राहिला. मला वाटलं, आता सांगतील. सांगितलं तर बारा वर्षांचा शंभू एका क्षणात जाणार होता. नाही सांगितलं तर त्याला आपणच जाळला, हे डोक्यावर घेऊन जगायचं होतं. अण्णांनी घास तोंडात घातला आणि पाणी प्यायले.

रविवारी सकाळी बशी रिकामी होती. तिन्ही भाऊ गेले होते, आणि अण्णांचं पोट दिवसभर बिघडलेलं होतं.

"आला होता," आत्यानं चहा देताना सांगितलं.

"सरी," अण्णा म्हणाले.

हे पुढे चार वर्षं चाललं. माझं लग्न झालं, मी येलहंक्याला राहायला गेले. अण्णांना साखर झाली, गोड बंद झालं, तरी रविवारची बशी रिकामी होत राहिली. आई चिडायची, एवढं पथ्य करून साखर उतरत कशी नाही. मी गप्प बसायचे. अठ्ठ्याण्णवच्या थंडीत दुकानात एका सायकलची साखळी चढवता चढवता अण्णा खाली बसले ते उठलेच नाहीत. त्यांच्या पिंडाला कावळा लगेच शिवला, भटजींचा हात बाजूला व्हायच्या आत. आत्या तेव्हा म्हणाली, "अण्णानं कधी कुणाला थांबवलं नाही."

तेरावं झाल्यावर मी काही दिवस तिथेच राहिले. शनिवार आला. आत्यानं ओव्हन लावला. मी सारण भरत होते, ती कातण फिरवत होती, आणि शेवटी दोन पाऱ्या उरल्या. तिनं एका पारीच्या चुण्या घालून मोदक वळला. मग दुसरी पारी हातावर घेतली आणि तिचाही मोदकच केला.

"आत्या, दोन?"

"एक शंभूचा, एक अण्णाचा. इतकी वर्षं बिचारा दुसऱ्याचा वाटा खात होता."

मी चमचा खाली ठेवला. "तुला माहीत होतं?"

"मिशीत पापुद्रे घेऊन चहा प्यायला बसायचा." तिनं सुईनं दोन्हींना भोकं पाडली. "शंभूचं नाव आम्ही एकमेकांसमोर कधी घेतलं नाही गं. तेवढंच होतं आमच्यात, मी ठेवायचं आणि त्यानं खायचं. खायचा थांबला तेव्हा बोलले मी. काय करणार."

"मग तुला कधी वाटलंच नाही, की काका..."

"श्रीरंगपट्टणला गेलो होतो तेव्हा अण्णा आपल्याबरोबर होता ना," आत्या म्हणाली, आणि ओव्हनचं झाकण लावलं.

मी खिडकीकडे पाठ करून बसले होते. वळून बघायचं धाडस मला झालं नाही. काचेआड दोन शेंड्या हळूहळू तांबूस होत होत्या. आत्यानं दोघांना एकाच बशीत, एकमेकांना लागून ठेवलं.

रविवारी सकाळी मी उठून बोळात गेले. दोघंही बशीत होते. अण्णांचा कोणता ते मला कळत होतं, त्याच्या चुण्या मी बघितल्या होत्या. तो मी उभ्या उभ्या खाल्ला. द्राक्षाचं सारण होतं, लवंग जरा जास्त झाली होती.

शंभूकाकाचा तसाच राहू दिला. त्यानं ठेव म्हणून सांगितलं होतं.