हिरवट जाळ

काकांना फुकट मिळालेलं काही टाकवत नाही. फुकट ते पौष्टिक, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. नाशिक सरकत सरकत आमच्या द्राक्षबागेला येऊन टेकलं, शेजारी इमारत उभी राहिली आणि ठेकेदाराने उरलेल्या प्लास्टिक पाइपांचे तुकडे आमच्याच बांधावर ओतले. भंगारवाल्याने नाक मुरडलं. सिमेंट बसलेला पाइप वितळवून परत वापरता येत नाही म्हणे. ठेकेदाराशी भांडायचं सोडून काकांनी त्याला चहा पाजला.

कडाक्याच्या थंडीत द्राक्षमणी तडकतात, म्हणून आमच्याकडे पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात. ओला पाला, भुसा, काहीही चालतं. यंदा काकांनी पाइप लावले.

"काका, हा धूर विषारी असतो," मी म्हटलं.

"धूर तो धूर. याचा लय दाट निघतो," ते म्हणाले.

हा पाइप धड जळतही नाही. खालचं जळण सरलं की विझतो. खाली सारखं जळण सारायला माणूस लागतं, आणि आमच्या घरात असल्या कामाला माणूस म्हणजे काकू. नाकाला पदर बांधून ती थंडीभर त्या हिरवट जाळाशी बसली. काका ओट्यावरून देखरेख करत. खाली उरलेला काळा चिकट गोळा ते ओहोळात लोटून देत, म्हणजे बाग स्वच्छ.

शेकोट्यांजवळच्या वेलींची पानं करपली. काका म्हणाले, थंडी बाधली. काकूचा खोकला थांबेना, ती जिना चढताना भिंत धरू लागली. काका म्हणाले, थंडी बाधली. वेलींसाठी त्यांनी त्याच दिवशी सल्लागार बोलावला. काकूला काढा दिला. मला त्यांची किळस आली.

शेवटी मीच काकूला डॉक्टरांकडे नेलं. काका सोबत आले. डॉक्टरांनी छाती तपासली आणि विचारलं, "घरात कोणी विडी ओढतं?"

"आमच्या घराण्यात सुपारीचं बी व्यसन नाय," काका ताठ बसून म्हणाले.

मी पाइपांचं सांगितलं. डॉक्टरांचा लिहिता हात थांबला. छाती आता पहिल्यासारखी होणार नाही, म्हणाले, यापुढे त्यांना कुठल्याच धुराजवळ बसवू नका.

काकूने डोळ्यांना पदर लावला. काका पहिल्यांदाच काळजीत पडलेले दिसले.

"मंग पुढच्या थंडीत," त्यांनी विचारलं, "शेकोटीपाशी कोण बसंल?"