एल्व्हीबाई आणि उलटा एकतीस

"तुमच्या क्लबात येऊन मिळतं काय?" असं कुणी विचारलं की पूर्वी मी छापील पत्रक हातात द्यायचो. आमचा क्लब जुन्या लष्करी रायफली जमवणाऱ्यांचा आणि मी त्याचा चिटणीस. परवान्यासाठी शिफारस, विमा, सुटे भाग, जाणत्यांची संगत, सगळं त्या पत्रकात होतं. सत्त्याण्णव सालच्या ऑगस्टपासून मी ते देणं सोडलं. आता मी एल्व्ही पास्कोची गोष्ट सांगतो. ऐकणाऱ्याला घाई असली तरी सांगतो.

एल्व्हीबाई तेव्हा बहात्तर वर्षांच्या होत्या. आमच्या कुराबिन गावात त्यांना ओळखत नाही असा माणूस नव्हता, कारण तीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली होती आणि दंगा केला म्हणून अर्ध्या गावाला कधी ना कधी रस्त्यात उतरवून चालत घरी पाठवलं होतं. मलाही, दोनदा. त्यांचा नवरा क्लेम दोन वर्षांपूर्वी गेला. मागे राहिला एक बहिरा कुत्रा आणि क्लेमची तीन-शून्य-तीन रायफल. युद्धावरून परतल्यावर त्याने ती रानडुकरांसाठी घेतली होती. दर रविवारी दुपारी तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती खोलून तेल लावत बसायचा आणि समोर बाई मटार सोलायच्या. क्लेम एरवी घुमा माणूस. जे काही बोलायचा ते त्या दोन तासांत.

मग बंदुकांचा नवा कायदा आला. गावचा पोलीस सार्जंट बाईंकडे गेला, चहा प्यायला आणि टोपी हातात फिरवत म्हणाला, "बाई, कारण दाखवल्याशिवाय ती घरात ठेवता येणार नाही. तुमची शेती नाही, तुम्ही नेमबाजी करत नाही. एक तर क्लबात जा आणि जमवणाऱ्यांचा परवाना काढा. नाहीतर ऑगस्टअखेर माझ्याकडे जमा करा."

"आणि तू तिचं काय करणार?"

"मी काही नाही हो करत. वर पाठवतो. वर वितळवतात."

"वितळवायला ती काय मेणबत्ती आहे?" बाई म्हणाल्या. त्याच दिवशी त्यांनी मला फोन केला.

आमची सभा पहिल्या शनिवारी दुपारी दोनला, स्काऊटच्या हॉलमध्ये भरते. मी सांगितलं होतं तसा बाईंनी बोल्ट, म्हणजे गोळी आत सरकवणारा दांडा, वेगळा काढून बिस्किटाच्या डब्यात आणला होता. रायफल घोंगडीत गुंडाळलेली. त्यांनी घोंगडी उलगडली.

रायफल लखलखत होती. बाईंनी तीन दिवस खपून सगळं लाकूड सँडपेपरने घासलं होतं आणि वर व्हार्निशचे दोन हात मारले होते. चार लोकांत जायचं, तर नीटनेटकं नको का? आता हे बाहेरच्याला कळणार नाही, पण आमच्या लोकांचा जीव असतो तो त्या लाकडावरच्या पन्नास वर्षांच्या मळात आणि मळाखालच्या शिक्क्यांत. आमचा खजिनदार तर खुर्ची ओढून खालीच बसला.

"बाई," तो क्षीण आवाजात म्हणाला, "लाकडावर शिक्के असतील ना?"

"ते ओरखडे होय? काढले की! सहजासहजी निघत नव्हते हां, मेले."

मला हसू आवरेना. पण आमचा अध्यक्ष लिंडसे क्रम्प हसला नाही. लिंडसे जन्मभर जमिनी मोजत आला आणि सगळं जग पाव इंचाने चुकलेलं आहे अशी त्याची खात्री आहे. त्याने बाईंचा अर्ज समोर घेतला.

"मिसेस पास्को, तुम्ही जमवता काय?"

"जमवते कसली? ही एकच आहे."

"एकीला संग्रह म्हणत नाहीत. हिचं साल? मालिका?"

"हिचा क्लेम," बाई म्हणाल्या. "तो हिला तेल लावायचा आणि माझ्याशी बोलायचा. तो गेल्यापासून मी मटार सोलले नाहीत. गोठवलेले आणते, पिशवीतले. पण ही घरात आहे तोवर मला वाटतं, रविवार अजून आहे."

लिंडसेने चष्मा काढून पुसला. तो दुष्ट नाही, हे मी आवर्जून सांगतो. त्या वर्षी वरून सगळ्या क्लबांवर डोळा होता, आणि नुसत्या नावापुरते सभासद घेतले म्हणून आमच्या दाराला कुलूप लागलं असतं.

"ही आठवण झाली," तो म्हणाला. "आठवणीसाठी मला सही करता येत नाही. माफ करा."

"बरं," एवढंच म्हणून बाई घोंगडी गुंडाळू लागल्या.

या बाईंना हार मानताना आमच्यापैकी कुणी कधी पाहिलं नव्हतं. मी भित्र्या माणसासारखं म्हणालो, "चहा तरी घेऊन जा."

चहाचं टेबल होतं लिंडसेच्या मांडणीला लागून. वार्षिक प्रदर्शनासाठी त्याने आठ रायफली ओळीने ठेवल्या होत्या आणि प्रत्येकीच्या नळीच्या तोंडाशी बसवलेल्या लोखंडी टोपीवर भिंग लावलं होतं. त्या टोपीवर एक बाण असतो आणि बाणाखाली तपासणाऱ्याचा नंबर. या आठींवर एकतीस नंबर होता, पण उलटा, डोकं खाली पाय वर. लिंडसेने अकरा वर्षं या उलट्या एकतिसामागे घालवली होती. एका टोपीसाठी तो क्वीन्सलंडपर्यंत गाडी हाकून गेला होता. त्यावर त्याने एकोणीस पानी पुस्तिका लिहिली होती आणि सिद्धही केलं होतं की ही कुठल्याशा गुप्त तुकडीसाठी बाजूला काढलेल्या खास रायफलींची खूण आहे. ती पुस्तिका आम्ही सगळ्यांनी वाचली होती. निदान तसं त्याला सांगितलं होतं.

बाईंनी कप हातात घेऊन भिंगातून पाहिलं. मग पुढच्या भिंगातून. मग त्या अशा हसल्या की चहा बशीत सांडला.

"अगं बाई! ही तर थोरा!"

"कोण थोरा?" लिंडसेने विचारलं.

"थोरा मग्वायर. एकतीस नंबर तिचाच. माझा सत्तावीस. युद्धात इथला रायफलींचा कारखाना होता ना, नदीकाठचा? आम्ही चौदा जणी होतो तपासणीच्या बाकावर."

तो कारखाना पंचेचाळीस साली बंद पडला. कागदपत्रं कुठे गेली ते आम्हाला कधी सापडलं नाही.

"पण मग नंबर उलटा का?" लिंडसेचा आवाज जरा चिरकला.

"डावखुरी होती रे ती. टोपी धरायची पकड होती उजव्या हाताच्या माणसाला सोयीची. बिचारी बाकाच्या पलीकडे जाऊन उभी राहायची आणि तिकडून नंबर ठोकायची. मुकादम म्हणाला, नंबर दिसतोय ना, मग झालं."

"याला पुरावा काय?"

"इकडे ये," बाई म्हणाल्या, आणि तो बसमधला आवाज ऐकून लिंडसेच काय, मीही एक पाऊल पुढे झालो. "नाही, तू टेबलाच्या पलीकडे राहा. तो तुमचा रबरी शिक्का घे. डाव्या हातात! कागद मी इकडून धरते. आता ठोक."

लिंडसेने ठोकला. बाईंनी कागद आमच्याकडे वळवला. क्लबाचा शिक्का उलटा उमटला होता, डोकं खाली पाय वर, अगदी एकतिसासारखा. आणि तो कागद म्हणजे बाईंचाच अर्ज होता.

लिंडसे त्याच्याकडे बघत राहिला. अकरा वर्षं आणि एकोणीस पानं. मला वाटलं, आता हा रडणार.

"एवढी वर्षं," तो हळूच म्हणाला, "तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?"

"विचारलं कुणी?"

आधी लिंडसेचे खांदे हलले. मग तो हसायला लागला, आणि मी त्याला बावीस वर्षं ओळखतो, असं हसताना त्याला कधीच पाहिलं नव्हतं. "डावखुरी!" तो डोळे पुसत म्हणत होता, "गुप्त तुकडी कसली, डावखुरी पोरगी!" हसता हसताच त्याने पेन काढलं आणि त्या उलट्या शिक्क्याखाली सही केली. सूचक म्हणून कोण सही करणार यावरून आमची भांडणं झाली. शेवटी मी केली, चिटणीस असल्याचा फायदा घेऊन.

मग लिंडसे एकदम गाडीकडे धावला. परत आला तो हातात आणखी एक रायफल घेऊन. ही त्याची पहिली, तरुणपणी घेतलेली. त्याने टोपीवर भिंग धरलं. बाणाखाली सरळ, सुबक सत्तावीस.

"मिसेस पास्को, तुम्ही तीस वर्षं माझ्या कपाटात आहात."

"हळू बोल. क्लेमने ऐकलं तर तुझं काही खरं नाही."

खजिनदार आता सावरला होता. त्याने घाईघाईने क्लेमच्या रायफलीची टोपी पाहायला घेतली. लोखंडाला बाईंनी सँडपेपर लावला नव्हता, देवाची कृपा.

"कशाला बघतोस? चौदा आहे तिथे," बाई म्हणाल्या. "व्हेराचा नंबर, माझ्याआधी क्लेम जिच्या मागे होता तिचा. घरी आणली त्या दिवशीच मी पाहिलं. सगळ्या कारखान्यात याला व्हेराचीच मिळाली! आठवडाभर बोलले नव्हते मी त्याच्याशी."

परवाना सव्वीस तारखेला आला. सार्जंट स्वतः द्यायला गेला आणि पुन्हा चहा प्यायला. लिंडसेने पुस्तिका नव्याने लिहिली. आता ती चारच पानांची आहे आणि आम्ही सगळ्यांनी खरोखर वाचली आहे. पहिल्या पानावर थोरा मग्वायरचं नाव आहे.

सप्टेंबरच्या सभेला बाई अर्धा तास आधीच आल्या. बोल्ट बिस्किटाच्या डब्यात, रायफल घोंगडीत आणि खांद्याला एक मोठी कापडी पिशवी. त्यांनी रायफल लिंडसेसमोर ठेवली, तेलाची बाटली आणि चिंधी पुढे सरकवली आणि स्वतः समोरची खुर्ची घेतली.

"तू लाव तेल. आणि बोलत राहा," त्या म्हणाल्या, आणि पिशवीतून मटारच्या शेंगा टेबलावर ओतल्या.