न दुखलेला गुडघा

आमच्या फुटबॉल क्लबातल्या मास्तरांना तरुणपणी ‘कुलूप’ म्हणत. मधल्या बचावात ते उभे राहिले की समोरच्या गड्याने आल्या पावली परत जायचं, असा नियमच होता. त्यांचं लग्न झालं तशी लोक बायकोला ‘किल्ली’ म्हणायला लागले. ते नाव कोणी ठेवलं हे वहिनींना चाळीस वर्षांत कळलेलं नाही. मीच ठेवलं. आता त्या हे वाचतील आणि माझा त्यांच्याकडचा चहा बंद होईल. होऊ दे.

मी त्या क्लबाच्या तिकीटखिडकीत एकतीस वर्षं बसलो. खिडकी हातभर रुंद, पण तिच्यातून जेवढं आत आलं तेवढं अध्यक्षांच्या केबिनमध्येही कधी गेलं नाही, आणि आत आलेलं मी कधी आत ठेवलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात माझाही वाटा आहे आणि तो मिरवण्यासारखा नाही.

मास्तरांनी खेळणं सोडलं आणि ते दुसरे प्रशिक्षक झाले. पंचवीस वर्षं बचाव शिकवला. शिट्टी बुटाच्या नाडीत ओवून गळ्यात घालायची, सरावाआधी टाचेने जमीन दाबून ओल बघायची, आणि कोणी टॉवेल बोळा करून फेकला तर तो उचलून, नीट घडी घालून, त्याच्याच मांडीवर ठेवायचा. ओरडणं नाही. त्या घडीचीच पोरांना जास्त भीती वाटे.

परगावच्या पोरांना क्लब आपल्या माणसांच्या घरी ठेवतो. मास्तरांच्या माडीवरच्या खोलीत असंच एक अकरा वर्षांचं पोरगं स्वतःपेक्षा मोठी बॅग ओढत आलं आणि आठ वर्षं राहिलं. त्याच्या पँटची शिवण सोडून सोडून वहिनींची बोटं दुखली. गल्लीत कोणाला दिवा बदलायचा असला की स्टूल न आणता त्यालाच हाक मारत. म्हणून नाव पडलं ‘शिडी’. अकादमीतून वर आलेला, एकोणीस वर्षांचा, डाव्या पायाचा मधला बचावपटू. असा खेळाडू क्लबाला दहा वर्षांतून एकदा मिळतो, असं मास्तर माझ्याजवळ म्हणाले होते. त्याच्यासमोर कधी म्हणाले नाहीत.

तर हंगामाचे पाच सामने उरले असताना आमच्या कप्तानाचा पाय मोडला आणि बचावात एक जागा रिकामी झाली. जागा एक, माणसं दोन. एक शिडी. दुसरा ‘पाहुणा’.

पाहुणा म्हणजे मोठ्या क्लबाने सहा महिन्यांसाठी उसना दिलेला खेळाडू. चोवीस वर्षांचा, कपड्यांना मंद सुवास, झाडूवाल्याशीही हात मिळवणारा. त्याला या गोष्टीत खलनायक करायची मला फार इच्छा होती, पण तो काही जमू देत नाही. चांगला मुलगा होता. खेळत मात्र शिडी जास्त चांगला होता. हे मास्तरांना माहीत होतं, मोठ्या साहेबांना, म्हणजे मुख्य प्रशिक्षकांना, माहीत होतं, आणि खिडकीत बसून मलाही माहीत होतं.

आता मंगळवारचं ऐका. सराव संपलाय, ड्रेसिंग रूममध्ये पोरं बूट सोडतायत. पाहुण्याने भिंतीवरच्या जुन्या फोटोकडे बोट दाखवून विचारलं, “मास्तर, हे तुम्ही?”

झालं! मास्तरांचा चेहरा असा उजळला की कोणी दिवा लावला असं वाटावं. तो फोटो त्यांच्या उपांत्य सामन्याचा. शेवटचं मिनिट, गोलरक्षक चुकलेला, चेंडू रेषेकडे निघालेला आणि मास्तर आडवे पडून तो बाहेर घालवतायत. ही कहाणी आम्ही सगळ्यांनी इतक्यांदा ऐकलीय की मध्येच झोपून बरोबर शेवटाला उठता येतं. पण पाहुणा नवीन. तो खरंच डोळे मोठे करून ऐकत होता. मास्तर उभे राहिले, हाताने रेषा दाखवली, टॉवेल खाली टाकून त्याचा चेंडू केला.

“चेंडू इथे. मी तिथे. सहा पावलं. मनात म्हटलं, आज पाय तुटला तरी चालेल. आणि मग मी...”

“आणि मग मास्तर घसरले,” शिडी बूट सोडता सोडता म्हणाला, “डोळे मिटलेले, आणि चेंडू येऊन नडगीला आपटला. हो की नाही, मास्तर?”

खोलीत एकच हशा पिकला. पाहुणाही हसला. मास्तरही हसले म्हणे. टॉवेल उचलला, घडी घातली आणि बाहेर गेले.

पोरगं खोटं बोललं नव्हतं. ते खरंच घसरले होते. पण हे त्याला माहीत होतं कसं? तेरा वर्षांचा असताना त्याच्या पायाला लागून स्वतःच्याच गोलात चेंडू गेला, तेव्हा पोरगं माडीवर उशीत तोंड खुपसून दोन दिवस जेवलं नाही. मास्तर त्याच्या कॉटवर जाऊन बसले आणि जे बायकोलाही सांगितलं नव्हतं ते त्याला सांगितलं. “अरे, माझा तो फोटो आहे ना, तो नुसता नशिबाचा आहे.” पोरगं उठून जेवलं. आणि सहा वर्षांनी तेच चारचौघांत बोलून गेलं, चेष्टेत, घरच्या माणसाची करावी तशी.

गुरुवारी मोठ्या साहेबांनी विचारलं, “मास्तर, शनिवारी कोण? शिडी की पाहुणा? तुम्ही रोज बघता दोघांना.”

आमच्याकडे फिजिओबाई फक्त सोमवारी येतात. मधल्या दिवसांत पोरांचे हातपाय मास्तर बघतात आणि गुरुवारी फळ्यावर प्रत्येकाच्या नावापुढे ठिपका लावतात. हिरवा म्हणजे खेळेल. लाल म्हणजे नाही. पिवळा म्हणजे सांगता येत नाही, बाईंनी बघेपर्यंत उतरवू नका. पंचवीस वर्षांत त्या ठिपक्याला कोणी ‘का’ विचारलं नव्हतं. पाहुणा बरा खेळतो म्हणावं तर साहेबांनी कारण विचारलं असतं. ठिपक्याला कारण लागत नव्हतं.

मास्तरांनी शिडीच्या नावापुढे पिवळा ठिपका लावला. “गुडघा,” म्हणाले. एवढंच.

पोरगं धावत आलं. “मास्तर, मला तर काही होत नाहीये.”

“तुला नाही कळणार. वळताना मला दिसतं.”

“बरं,” शिडी म्हणाला. आठ वर्षांत मास्तरांना जे जे दिसलं होतं ते ते खरं निघालं होतं.

कॅन्टीनमध्ये मास्तर मला म्हणाले, “पोराचा गुडघा जरा जपायला हवा.” माझ्या जिभेला हाड नाही हे जगजाहीर आहे. मी न्हाव्याला सांगताना ‘जरा’ गाळलं. न्हाव्याने पुढे सांगताना गुडघ्यात काहीतरी फाटलं. रविवारपर्यंत दोन ऑपरेशनं ठरली होती आणि सोमवारी पोराच्या आईचा दूरच्या गावाहून रडत फोन आला. मला तेव्हा गंमत वाटली होती. बातमी किती लवकर पोचली, याची गंमत.

सोमवारी फिजिओबाईंनी गुडघा वाकवला, दाबला, फिरवला. काही सापडेना. “दुखतं का?” त्यांनी विचारलं.

शिडी विचार करून म्हणाला, “जिना उतरताना... थोडं.”

आता मास्तरांनी सांगितलेलं, पोरगंही हो म्हणतंय आणि सापडत काहीच नाही, म्हटल्यावर कोणती फिजिओ हिरवा ठिपका लावील? बाई म्हणाल्या, दोन आठवडे थांबू. तिकडे शनिवारी पाहुणा छान खेळला होता. पुढच्या शनिवारीही खेळला. शिडी कठड्यामागे जॅकेट घालून बसलेला मी खिडकीतून बघत होतो. जिना तर तो आता एकेक पायरी करून, आडवा होऊन उतरायला लागला होता.

आणि घरी रोज संध्याकाळी वहिनी त्याचा पाय खुर्चीवर घेऊन गरम पाण्याच्या पिशवीने शेकत. समोर मास्तर पेपर घेऊन बसत. पेपर उलटा धरला असता तरी चाललं असतं. मास्तर मला नंतर म्हणाले, “त्या दुसऱ्या आठवड्यात रोज वाटायचं, आज सांगतो. पोरगं ‘काकू, जरा बरं वाटतंय’ म्हणायचं आणि माझं तोंड शिवल्यासारखं व्हायचं.”

मग एका संध्याकाळी बाईंचा कागद वहिनींच्या हाती आला. त्यांनी चष्मा लावला.

“अहो, यात उजवा गुडघा लिहिलाय.”

“मग?”

“मी दहा दिवस डावा शेकतेय.” त्या पोराकडे वळल्या. “तुझा कुठला दुखतो रे?”

शिडी गोंधळला. “डावा... बाईंनी विचारलं तेव्हा उजवा वाटला होता.”

“अहो, तुम्ही त्या दिवशी बघितलात तो कुठला?”

मास्तरांनी पेपरचं पान उलटलं. वहिनींनी पाण्याची पिशवी खाली ठेवली. मी उगाच नाही त्यांचं नाव किल्ली ठेवलं. त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि सगळं उघडलं.

“मला नका सांगू,” त्या उठत म्हणाल्या. “ज्याचा पाय आहे त्याला सांगा. मी स्वयंपाकघरात आहे.”

मास्तरांनी सांगितलं. मंगळवारचं हसणं, गुरुवारचा ठिपका, सगळं. पोराने मध्ये तोंड उघडलं नाही. सांगून झाल्यावर त्याने आधी एक गुडघा दाबून बघितला, मग दुसरा.

“म्हणजे काहीच झालेलं नाही?”

“नाही.”

“पण मला दुखतंय, मास्तर.”

मास्तरांनी खाली ठेवलेली पिशवी उचलली आणि त्याच्या गुडघ्यावर धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मोठ्या साहेबांच्या खोलीत जाऊन उभे राहिले. हंगाम संपला की कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं याची यादी टेबलावर होती, आणि शिडीच्या नावापुढे प्रश्नचिन्ह. मास्तर म्हणाले, “तो गुडघा खोटा आहे. मी रागाने ठिपका लावला. पोरगं माझ्यावर हसलं म्हणून.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं, उठले आणि मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला.

“मास्तर, तुमचं मन फार मोठं आहे हो.”

“अहो, मी खरं सांगतोय!”

“पोराला ठेवावं म्हणून तुम्ही स्वतःच्या अंगावर घेताय. कळतं मला. पण तो जिना कसा उतरतो ते मी स्वतः पाहिलंय.”

मास्तर तिथून तडक माझ्या खिडकीवर आले. कानाच्या पाळ्या लाल. “तुम्ही गुडघ्याची बातमी गावभर नेलीत ना? मग आता हीही न्या. कुलूप खोटं बोललं म्हणून सांगा. काही गाळू नका.”

मी नेली. शपथेवर सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा एखादी बातमी तिखटमीठ न लावता नेली, आणि पहिल्यांदाच कोणी ती घेईना. न्हावी म्हणाला, “देवमाणूस आहेत मास्तर.” कॅन्टीनवालीने डोळ्याला पदर लावला. पोराच्या आईने फोन करून मास्तरांचे आभार मानले. पिवळा ठिपका कसा तीन दिवसांत गावभर झाला होता! आणि हे खरं मात्र तीन आठवडे मी दारोदार हिंडवलं, तरी जिथल्या तिथे. लोक रस्त्यात मास्तरांना थांबवून पाठ थोपटत. ते त्या कौतुकाखाली इतके वाकले की आता ते टाचेने जमीन तपासतायत की नुसते खाली बघतायत हेच कळत नसे.

शेवटच्या सामन्यालाही पाहुणाच खेळला. शिडीला क्लबाने सोडलं नाही, पण ठेवलंही नाही. गुडघा टिकतो का ते बघायला त्याला वर्षभरासाठी उत्तरेकडच्या एका लहान क्लबाला उसना देऊन टाकला. आमचा शिडी तिकडचा पाहुणा झाला. गेला त्या दिवशी वहिनींनी पँट घडी करून भरल्या. बॅग तीच होती, आता त्याच्यापेक्षा लहान. जिना तो नीट उतरला, दोन दोन पायऱ्या टाकत. मास्तर खाली उभे राहून मोजत होते.

ठिपके लावायचं काम मास्तरांनी स्वतःहून सोडलं. साहेबांनी त्यालाही मोठेपणाच म्हटलं.

परवा मी त्यांच्याकडे चहाला बसलो असताना पोराचा फोन आला. मास्तरांना ऐकू कमी येतं, म्हणून आवाज मोठा केलेला असतो. मी काही कान लावला नव्हता. जेवण, मैदान, थंडी असं बोलून झालं. मग पोरगं म्हणालं, “इथले मास्तरपण त्यांच्या जुन्या सामन्याची एक गोष्ट सांगतात. दर आठवड्याला तीच.”

“हो का?”

“मी पूर्ण ऐकून घेतो. मध्ये बोलत नाही.”

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मास्तरांनी “शहाणा आहेस” म्हणून फोन ठेवला.

आतून वहिनींनी विचारलं, “काय म्हणाला?”

“गुडघा बरा आहे म्हणाला,” मास्तर म्हणाले.

पोरगं गुडघ्याबद्दल एक अक्षर बोललं नव्हतं. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मी चहाकडे पाहिलं. कप रिकामा होता, तरी मी तो तोंडाला लावला.