नवं कार्ड आणि तिसरी फेरी

"देवरेभाऊ, परत अटकना."

रफिकभाईंचा हा आठवड्यातला तिसरा फोन. अटकला होता तो त्यांचा कॉम्प्युटर. स्क्रीनवरचं चित्र जागच्या जागी थिजतं, माऊस हलत नाही, कीबोर्ड बडवून उपयोग होत नाही. मग बटण दाबून बंद करायचा आणि पहिल्यापासून सुरुवात. आमच्या धंद्यात याला हँग होणं म्हणतात. गिऱ्हाईक जे म्हणतं ते इथे लिहिता येणार नाही.

नंदुरबारला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. दोन गल्ल्या सोडून रफिकभाईंचा व्हिडिओ स्टुडिओ. लग्नं, साखरपुडे, पुढाऱ्यांचे वाढदिवस. या खेपेला काम मोठं होतं. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे विकणारे एक व्यापारी आहेत, त्यांना सगळे बापू म्हणतात. त्यांना आपल्या घोड्यांची फिल्म तंबूबाहेर मोठ्या स्क्रीनवर लावायची होती. बापूंनी स्वच्छ सांगितलं होतं, "गुरुवारी मी नंदुरबारलाच आहे. चारला फिल्म हातात नसली तर काम सुरतवाल्याला देईन. पुढच्या वर्षी पण त्यालाच." फोन आला तो गुरुवारी सकाळी.

या कामासाठी रफिकभाईंनी नवं ग्राफिक्स कार्ड घेतलं होतं, तेही माझ्या सांगण्यावरून. ग्राफिक्स कार्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या आत बसणारी एक पाटी. चित्रांचं सगळं ओझं ती उचलते. ओझं उचलताना तापते, म्हणून तिला स्वतःचे पंखे असतात.

कार्ड बसवलं त्याच दिवशी त्याचं उद्घाटनही झालं. आमच्याकडे बोअरवेलचं होतं, एटीएमचं होतं, मग कार्डाने काय घोडं मारलं होतं? वॉर्डातल्या एका नेत्यांनी सोनेरी लेसचा हिरवा मखमली पडदा बाजूला केला, कॉम्प्युटरला हार घातला आणि डिजिटल क्रांतीवर वीस मिनिटं बोलले. त्यात कार्डाचा उल्लेख नव्हता. मला शाल आणि नारळ मिळाला.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर रफिकभाईंचे वडील, उस्मानचाचा, बसले होते. चाचा घोड्यांचा साज शिवतात. लगाम, पोटाला आवळायचे तंग, मिरवणुकीच्या झुली. मुलाने सुई टाकून कॅमेरा धरला म्हणून दहा वर्षं ते स्टुडिओची पायरी चढले नव्हते. त्या दिवशी आले. रफिकभाईंच्या लेखी नेते येण्यापेक्षा हे फार मोठं होतं.

दुसऱ्या दिवसापासून कॉम्प्युटर हँग व्हायला लागला.

पहिल्या फेरीत मी ड्रायव्हर बदलला. ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि कॉम्प्युटर यांच्यातला दुभाषा. जुना राहिला तर दोघांचं भांडण होतं. माझ्यासमोर मशीन दोन तास छान चालली. मी गेलो आणि अर्ध्या तासात अटकली.

दुसऱ्या फेरीत एसएमपीएस बदलला. हा विजेचा डबा. भिंतीतली वीज घेतो आणि प्रत्येक भागाला बेताने वाढतो. नव्या कार्डाची भूक मोठी, जुना डबा अपुरा पडत असणार, असं मी छातीठोकपणे सांगितलं. बावीस वर्षांच्या अनुभवाचा असाही उपयोग होतो. मशीन पुन्हा माझ्यासमोर शहाण्यासारखी वागली आणि संध्याकाळी थिजली.

गुरुवारी सकाळी तिसऱ्यांदा गेलो. मेमरी तपासली, कार्ड काढून परत बसवलं, कार्डाला घाम फोडणारी टेस्ट तासभर चालवली. तापमान पाहिलं. अगदी बेतात. पंखे निवांत.

"तुम्ही आले का हा साळसूद होऊन जातो," रफिकभाई म्हणाले. "शाळेत इन्स्पेक्टर आल्यासारखा."

"काही सापडत नाहीये."

"मग एक करा, इथेच बसून राहा. मी चहा सांगतो. चारपर्यंत हलू नका."

दुकानात दुसरं गिऱ्हाईक खोळंबलं होतं, म्हणून निघालो. दुकानात पोचल्यावर लक्षात आलं की स्क्रू ड्रायव्हरचा संच स्टुडिओतच राहिला. फोन न करता तसाच मागे फिरलो.

दार ढकललं तर रफिकभाई डोक्याला हात लावून बसलेले. स्क्रीनवर एक पांढरी घोडी पुढचा पाय हवेत धरून थांबलेली. आणि टेबलाशेजारी कॉम्प्युटरचा डबा नखशिखान्त हिरव्या मखमलीत. सोनेरी लेस, चारी कोपऱ्यांना गोंडे.

"हे काय?"

"झूल. अब्बांनी शिवली ना."

"उद्घाटनाचा पडदा होता ना तो?"

"पडदा म्हणू नका भाऊ, ऐकतील तर जेवणार नाहीत. माप घेऊन शिवली त्यांनी."

"रोज घालता?"

"रोज. मिरच्या वाळत घालायचे दिवस आहेत, तिखट धूळ पण बसत नाही."

"मग मी येतो तेव्हा ही कुठे जाते?"

रफिकभाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी शहरात नवीन आहे. "काढून ठेवतो. डॉक्टर आला तर जनावराची झूल काढतातच. आमच्या घरात तीच रीत आहे."

मी मखमलीखाली हात घातला आणि लगेच बाहेर काढला. भाकरी उतरवल्यानंतरचा तवा. आत पंखे जिवाच्या आकांताने फिरत होते आणि तीच गरम हवा पुन्हा ओढत होते. उद्घाटनाच्या दिवशी कॉम्प्युटरला एक नाही, दोन गोष्टी नव्या आल्या होत्या. मी एकीलाच धरून बसलो होतो.

झूल काढली, झाकण उघडलं, टेबलफॅन समोर लावला. रफिकभाईंनी हात मात्र लावला नाही.

"फिल्म निघेपर्यंतच काढू," मी म्हणालो.

"अब्बा रोज दुपारची, जुहरची नमाज झाली की येऊन बसतात. झूल दिसली नाही तर काय सांगू? दहा वर्षांनी त्यांनी माझ्या कामाला हात लावला. जाऊ द्या फिल्म सुरतला."

हे म्हणताना त्यांची नजर घड्याळावर होती. दोनला दहा कमी होते. आणि चाचा दारातच उभे होते. झूल माझ्या हातात.

"काय व्हयनं?"

रफिकभाईंनी माझ्याकडे पाहिलं. बोलायचं माझ्यावर आलं. "चाचा, झूल सुरेख आहे. पण आतलं जनावर काम करताना तापतं. अंगावर मखमल असली की त्याला श्वास मिळत नाही."

"काम करतांना घाली दिन्ही?" चाचा माझ्याशी बोललेच नाहीत, सरळ मुलाकडे वळले. "घोडा पळस तवय झूल कोन घालस रे? ती मिरवाले ऱ्हास. साज शिवनाऱ्याना पोऱ्या तू, इतलं बी तुले सांगनं पडस?"

"अब्बा, तुम्ही रोज येऊन बघायचे, म्हणून..."

"मी झूल देखाले नही येस. तुन्हं काम देखाले येस."

आणि खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसले.

रफिकभाईंनी मशीन बंद करून पुन्हा चालू केली आणि फिल्मचं रेंडर लावलं. रेंडर म्हणजे कापलेले सगळे तुकडे जोडून एक सलग फिल्म तयार करणं. कॉम्प्युटरचा सगळ्यात जास्त दम यातच लागतो. घोडीने हवेतला पाय खाली टेकवला आणि निघाली. चाचांना तिचा लगाम ढिला वाटला, ते त्यांनी दोनदा सांगितलं. साडेतीनला फिल्म पेन ड्राइव्हवर होती आणि रफिकभाई मोटरसायकलवर. चारला दहा कमी असताना त्यांचा फोन आला. बापूंनी फिल्म दोनदा पाहिली होती आणि सुरतचं नाव काढलं नव्हतं.

इकडे चाचांनी मशीन बंद करायला लावली. कार्डाजवळ हात धरून थांबले, गार झाल्याची खात्री करून घेतली आणि मग स्वतःच्या हाताने झूल चढवली. गोंडे सारखे केले. जुना एसएमपीएस मी दुसऱ्या दिवशी परत बसवला. तो बिचारा निर्दोष होता.

तेव्हापासून हँगची तक्रार आली की मी फोनवरच सांगतो, मी येईपर्यंत काहीही आवरू नका. आणि नवीन काय बसवलं हे विचारताना आतलं विचारतो, तसं वरचंही विचारतो. उद्घाटन झालेलं असेल तर आधी वरचं.