म्हशीनं दूध चोरलं तेव्हा

आमच्या गल्लीतले गवळीमामा घरात बोलले तरी चौकात ऐकू जायचे. दर रविवारी मामा आणि मी हौसेनं दाजीपूरच्या जंगलातल्या वनखात्याच्या केंद्रात जखमी जनावरांची सेवा करायला जायचो. एकदा बिबट्याचं पोरकं पिल्लू बाटलीला तोंड लावेना, पार मरणाला टेकलं.

"धारोष्ण पाजतो त्याला!" म्हणत मामांनी म्हैस आणि रेडकू टेम्पोतून आणलं. बिबट्याच्या वासानं म्हशीनं दूध चोरलं; सडातून थेंब येईना.

"मामा, राहू द्या आता," मी म्हणालो.

"गप बसा की मास्तर!"

मामांनी रेडकाच्या अंगावरचं गोणपाट पिल्लाला गुंडाळलं आणि ते म्हशीपुढं धरलं. ढुसण्या खाल्ल्या, पण हटले नाहीत. अखेर म्हशीनं गोणपाट चाटलं, पान्हा सोडला. मामांनी धार थेट पिल्लाच्या तोंडात सोडली. ते गटागटा प्यायलं.

मामांनी म्हशीशेजारूनच, चौकात ऐकू जाईल अशा आवाजात मला दटावलं, "पोरगं बिबट्याचं हाय, हे तेवढं हिला सांगू नका."