सारसाच्या गुडघ्याची घडी

चित्रकलेच्या सरांनी मला फसवलं. माझा कागदाचा सारस त्यांनी स्वतःच्या नावावर केला.

गोंदियात माझं रद्दीचं दुकान आहे. दहावी नापास झाल्यावर किराणावाल्यांना वर्तमानपत्राच्या थैल्या चिकटवून द्यायचो, तिथून इथवर आलो. भाव करताना मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. कागदाच्या घड्या रद्दीतल्याच एका पुस्तकातून शिकलो. बगळा, बेडूक थोडं शिकलेल्या कुणालाही जमतात. मला धानाच्या बांधीत, पाणी साचलेल्या शेतात उभा असतो तसा सारस हवा होता: एकच चौकोनी कागद, कात्री नाही, डिंक नाही. बेडकाच्या घडीतून चार लांब टोकं निघतात, त्यांची मान, शेपूट आणि दोन पाय. पण गुडघ्याशी थर इतके जाड व्हायचे की कागद फाटायचा. पतंगाचा कागद उभा राहीना, खाकी तडके. दोन वर्षांनी हाताला कळलं, पाय वळवण्याआधी कडा आत दाबून घ्यायच्या. त्या सकाळी सारस टेबलावर उभा राहिला.

बायको म्हणाली, "अजी, पाखरू उभं झालं, आता दुकान कोन उघडन?"

निवृत्त झालेले सर जुनी मासिकं विकायला आले, तेव्हा सारस गल्ल्याजवळ उभा होता. इतर लोक विचारायचे, "काऊन जी, रिकामा बसून राहिला का?" सरांनी विचारलं, "गुडघा आतून घेतला का?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी नेमका प्रश्न विचारला होता. "एकदा उलगडून दाखवता?" म्हणाले. मी उलगडला. उलगडलेल्या कागदावर जाणत्याला सगळं वाचता येतं. त्यावर मीच वर येणाऱ्या घड्या लाल पेनाने, आत जाणाऱ्या निळ्याने आखल्या आणि कागद त्यांना देऊन टाकला. खरेदीचा भाव बायकोलाही न सांगणारा मी!

हिवाळ्यात सरांच्या कागदकलेच्या शिबिराला गेलो. प्रत्येकाच्या हातात छापील पुस्तिका. 'सारस', खाली रचनाकार म्हणून सर. अकरावी पायरी पाहिली आणि डोकं फिरलं. डाव्या कोपऱ्यातली ती घडी माझी चूक होती. घालून मोडली होती, वळ तेवढा राहिला होता, आणि आखताना मी त्यावरूनही पेन फिरवला होता. सरांनी ती पायरी म्हणून छापली. सगळी खोली माझी चूक मन लावून घालत होती.

मी ओरडलो, "सर, ही घडी कायले आहे? सांगा सगळ्यांना!"

सर हसले. "तुमचा हात चांगला आहे, भाऊ. पण घडीवर कुणाची मालकी असते का?"

आयोजक बाई धावत आल्या. "भैया, बच्चे देख रहे हैं, शांती रखिए." मला खुर्ची दिली, चहा दिला. रद्दीवाल्याचं खरं मानायला कुणी तयार नव्हतं. आखलेला कागद सरांकडेच होता.

आता कागद घेतो आणि अर्ध्यात ठेवून देतो. नवं काही सुचत नाही, सुचलं तरी दाखवणार कुणाला? परवा एका गिऱ्हाईक बाईने मलाच सरांचा सारस शिकवायची तयारी दाखवली. मी हो म्हणालो, बघत बसलो.

सर, मला पैसे नकोत. पुस्तिकेच्या मागच्या पानावर तुम्ही छापखान्याचे आभार मानलेत, मंडपवाल्याचे मानलेत. माझं नाव का नाही? दुकानात या, आणि माझ्या तोंडावर उत्तर द्या.